बावीस मीटर तार

साखरेची पिशवी मास्तरांच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावरून गेली आणि पाण्याच्या टाकीवर आपटून फुटली.

पिशवी किलोची होती. कॅमेऱ्याच्या जागी ती टांगली होती, कारण कॅमेरा माझ्या भाच्याचा होता आणि साखर माझी. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार, तारेवर दोन बेअरिंगांवर चालणारा गाडा, गाड्याखाली पिशवी. गाड्याची दोरी कप्पीवरून फिरून माझ्या पायाशी ठेवलेल्या मोटरीवर येत होती. मोटर भंगारातल्या टेम्पोच्या वायपरची. एक बटण दाबलं की गाडा पुढे, दुसरं दाबलं की मागे, सोडलं की बंद. मी सोडलं, मोटर बंद झाली. पण तार टाकीकडे जरा उतरती होती, दोरी चाकावरून घसरली, आणि गाडा मोकळा सुटला. आवाज न करता.

मास्तर, म्हणजे माझे मिस्टर, टाकीजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पिशवी फुटली तेव्हा ते दचकले. पिशवी आली तेव्हा नाही.

"पंच असावा तर असा," माझ्या मदतीला आलेले दस्तगीरभाई म्हणाले. "कानाजवळनं किलोभर साखर गेली, पापणी हलली न्हाई गड्याची."

मास्तरांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, आधी टाकी पाहिली, मग खाली सांडलेली साखर. "मुंग्या येतील," म्हणाले आणि पेपर पुन्हा उचलला.

मी केरसुणी आणायला खाली गेले आणि जिन्यात उगाचच उभी राहिले.

मी मोटरी भरते. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उलगडून काढायची आणि नवीन गुंडाळायची, हा माझा धंदा. शिकवलं कुणी नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाईंचा मिक्सर मी उघडला, परत बंद करता येईना, आणि लाजेपायी शिकले. आमच्या इचलकरंजीत मोटरींना तोटा नाही, घराघरात माग. दस्तगीरभाई जॉबर. माग बिघडला की त्यांना बोलावतात, आणि मागाची मोटर जळली की ते मला बोलावतात. वीस वर्षांची ओळख. त्यामुळे मी जेव्हा त्यांना म्हटलं की मला तारेवरून पळणारा कॅमेरा करायचाय, तेव्हा त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. "किती लांब?" एवढंच विचारलं.

"बावीस मीटर."

"म्हंजे मैदानावर."

"मंडळाच्या कबड्डी स्पर्धेला. वरून शूटिंग. मोबाइलवर टाकायला."

"ड्रोन आणा की मग भाड्यानं."

"मातीचं मैदान. ड्रोन धुरळा उडवतो."

हे खरंच होतं. खोटं बोलताना मी नेहमी खरं बोलते.

खरं कारण असं होतं. आमचे हे, म्हेत्रे मास्तर, शाळेत पीटी शिकवायचे आणि तीस वर्षं कबड्डीचे पंच होते. मास्तरांची शिट्टी वाजली की दोन्ही संघ गप्प बसायचे, हरलेलासुद्धा. मागच्या हंगामात एका सामन्यात त्यांच्या डाव्या हाताला चढाई करणाऱ्याचा पाय रेषेबाहेर पडला आणि शिट्टी वाजली नाही. सगळ्या मैदानाने पाहिलं होतं. घरी आले, जेवले, ताक मागितलं. दुसऱ्या दिवशी मी गिरणीत दळण टाकायला गेले तर दोन बायका बोलत होत्या, "मास्तर पण पाकीट घ्यायला लागले म्हणं." मला बघून त्यांनी ज्वारीचा विषय काढला.

पाकीट घेणारा माणूस मी पंचवीस वर्षं कपडे धुताना खिसे तपासून ओळखला असता. मला दुसरंच दिसत होतं. चहा बशीच्या डाव्या कडेवरून सांडायचा. दोरीवरच्या लुंगीत जाऊन अडकायचे, तीही डावीकडून. स्कूटर दिली विकून, म्हणाले, चालणं चांगलं. जेवायला बसताना डावा खांदा भिंतीला लावून बसायला लागले, म्हणजे त्या बाजूने कुणी येणारच नाही.

डावीकडचं दिसत नाही म्हणून सांगितलं असतं तर नाव राहिलं असतं, शिट्टी गेली असती. गप्प बसले म्हणून शिट्टी राहिली आणि नाव चाललं होतं. गप्प बसायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं की काय, की त्यांनाच अजून कळलं नव्हतं, हे मला कळेना. चार महिने मला एका जागी बसवेना. मी भाकरी थापताना उठायचे, उठल्यावर कशाला उठले ते विसरायचे.

"दिसतंय का?" एवढं विचारायचं होतं. दोन शब्द. पण आमच्या घरात असले शब्द वापरात नव्हते. ह्यांना ताप आला की हे म्हणायचे, पंखा कमी कर. माझं पोट दुखलं की मी म्हणायचे, आज खिचडीच टाकते. म्हणून दोन शब्दांऐवजी मी बावीस मीटर तार आणली. वरून कॅमेरा, खाली हे. त्यांची शिट्टी आणि खरा पाय, दोन्ही एका चित्रात. मग मला कुणाला काही विचारावं लागणार नव्हतं.

साखरेवरून काही ठरत नव्हतं. माणूस पेपरात गढलेला असू शकतो.

स्पर्धेला एकवीस दिवस होते.

गाडा थांबवायचा कसा, यात आठ दिवस गेले. दोरी मी चाकाला दोन वेढे देऊन घट्ट केली, पण टोकाला गाडा आपटायचा आणि चित्र थडथडायचं. मी स्पंज लावला, सायकलची ट्यूब लावली. दस्तगीरभाई बघत होते, मग खिशातून चामड्याचा एक जाड तुकडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो, आणि दोन्ही टोकांना त्याला झेलायला चामडं असतं.

"तुमचा गाडा म्हंजे धोटाच की वहिनी. धोट्याला थांब म्हणायचं नसतं. झेलायचं असतं."

चामडं लावलं. गाडा टोकाला गेला आणि मांजर उडी मारून बसावं तसा बसला.

मास्तर रोज संध्याकाळी गच्चीवर यायचे. काय चाललंय असं त्यांनी कधी विचारलं नाही, पण एकदा तार गुंडाळताना मदतीला आले. चिमटीतून तार सरकवत होते आणि मधेच थांबले. "इथे एक तार तुटली आहे."

मी चष्मा लावून बघितलं तरी मला दिसेना. नखाने चाचपली तेव्हा लागली, पिळातली एकच बारीक तार, केसाएवढी.

"डोळे अजून चांगले आहेत तुमचे," मी म्हणाले. म्हणजे मी गळ टाकला.

"बोटं चांगली आहेत," मास्तर म्हणाले आणि तार पुढे सरकवायला लागले.

त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा घातलं. त्यांनी निमूट खाल्ली.

मंडळाचे अध्यक्ष बंडा बुगड मैदान दाखवायला आले. त्यांना सगळ्यात आधी आपला चेहरा कॅमेऱ्यात येईल का याची काळजी होती.

"उद्घाटनाला मी नारळ फोडतो तवा तुमचा कॅमेरा माझ्या वरनं येणार, न्हवं का काकी?"

"येईल. पण वरून टक्कलच दिसेल."

"मग टोपी घालतो," बंडा म्हणाले. परवानगी मिळाली.

तार कुठून ताणायची यावर दस्तगीरभाईंशी वाद झाला. त्यांचं म्हणणं मधोमध, म्हणजे सगळं मैदान दिसेल. मी म्हटलं, खेळाडूंच्या डोक्यावर नको, तुटली तर काय घ्या. बाजूच्या रेषेवर ताणू. शाळेच्या भिंतीतल्या आकड्यापासून कोपऱ्यातल्या लोखंडी खांबापर्यंत, बारा फूट उंच. त्या बाजूच्या रेषेवर मध्यभागी पंच उभा राहतो, आणि आमच्या मैदानावर ती बाजू तीस वर्षं मास्तरांची होती.

दस्तगीरभाईंनी तारेकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले.

मास्तर रेषांसाठी चुन्याची फक्की मारायला आले होते. रेषा मारून झाल्यावर त्यांनी मान मागे टाकली, मग डावीकडे पूर्ण वळवली, कोंबडी बघते तशी, आणि तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "बरोबर माझ्या रेषेवर आली," म्हणाले. हातावरची फक्की झटकली आणि पाणी प्यायला गेले.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी चार सामने झाले, काही चुकलं नाही. मी घरी येऊन ते सगळं पुन्हा पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताला रेषेवर एकदाही पाय पडला नव्हता. काहीच सिद्ध झालं नाही. नापास होणार म्हणून ठरवून बसावं आणि परीक्षाच पुढे ढकलावी, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मुलींचा उपांत्य सामना होता. एकीकडे आमच्याच मंडळाच्या मुली, दुसरीकडे कुरुंदवाडच्या. ऊन अजून होतं. मोटर माझ्या पायाशी, मोबाइलवर वरचं चित्र, आणि मास्तर माझ्यापुढे सात-आठ पावलांवर पाठमोरे उभे. त्यांच्या शर्टाची इस्त्री मी केली होती. वरून बघितलं तर त्यांच्या डोक्यावर विरळ केसांचा एक भोवरा दिसतो, हे मला त्या दोन दिवसांतच कळलं.

शेवटचं मिनिट. आमच्या मुली एका गुणाने मागे. आमची तेजल मगदूम चढाईला गेली. ही पोर खेळायला लागली की तिची आई मैदानाकडे पाठ करून उभी राहते. तेजल मास्तरांच्या डावीकडे घुसली, अगदी रेषेच्या कडेला. मी बटण दाबलं आणि गाडा तिच्या डोक्यावरून बरोबर पळवला.

कबड्डीत बाजूला एक राखीव पट्टा असतो, लॉबी म्हणतात त्याला. अंगाला अंग लागल्याशिवाय त्यात पाय पडला तर चढाईपटू बाद. मोबाइलवर मला तिचा डावा पाय दिसला. रेषा ओलांडून, पट्ट्यात, पूर्ण तळवा. फक्कीचा पांढरा फराटा उडाला. समोरच्या पोरीला ती अजून शिवलीही नव्हती. मग शिवली, वळली, उडी मारून मध्यरेषेपार गेली.

शिट्टी वाजली नाही.

मास्तरांचं तोंड समोर होतं. मान वळली नव्हती. त्यांनी हात वर करून गुण दिला. सामना बरोबरीत.

कुरुंदवाडची कर्णधार एक काळीसावळी उंच पोर होती. ती धावत आली. "सर, पाय पडला लॉबीत. टच व्हायच्या आधी."

"मला दिसलं नाही," मास्तर म्हणाले. हे पंच नेहमीच म्हणतात. त्यातून काही कळत नाही.

पलीकडच्या पंचांना मधल्या पोरींच्या गर्दीमुळे काही दिसलं नव्हतं. सरपंच, म्हणजे ज्यांचा शब्द शेवटचा, ते म्हणाले की मास्तरांनी दिलं ते दिलं. रेषेवरची फक्की तोपर्यंत दहा जणींनी तुडवली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "घरच्या मंडळाचं मीठ खाल्लंय मास्तरनी." हशा पिकला. मास्तरांच्या मानेवरची शीर मला मागून दिसली.

त्या पोरीने वर पाहिलं. बोट तारेकडे केलं. "कॅमेरा आहे की. काकींना विचारा."

आणि सगळं मैदान माझ्याकडे वळलं.

मला जे हवं होतं ते माझ्या हातात होतं. महिनाभर मी त्याच्यासाठी तार ताणली होती. आता कुणालाही काही विचारायची गरज उरली नव्हती. मी मोबाइल पदराखाली घेतला.

"मोटर अडकली होती," मी म्हणाले. "गाडा त्या टोकालाच राहिला. इकडचं काही आलं नाही."

बंडा बुगड म्हणाले, "झालं तर मग. खेळा."

मास्तर मागे वळले. पूर्ण वळले, पायांसकट. ते माझ्याकडे बघत होते. गर्दी गप्प होती म्हणून त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

"मोटर चालू होती," ते म्हणाले. "मी ऐकली. तेजलबरोबर गेली आणि तेजलबरोबर आली."

मी पदराखालचा मोबाइल आणखी घट्ट धरला.

"पाय पडला?"

"अहो, घरी बोलू."

"मालन. पाय पडला?"

पंचवीस वर्षांत त्यांनी मला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती.

"पडला," मी म्हणाले.

"कोणता?"

"डावा. पूर्ण."

"शिवण्याआधी?"

"आधी."

मास्तरांनी शिट्टी वाजवली. लांब, नेहमीसारखी. तेजलच्या दिशेने हात करून तिला बाद दिलं. तेजलने वाद घातला नाही, पायाकडे बघत बाहेर गेली. मग मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी नीट गुंडाळली आणि सरपंचांच्या हातात दिली.

"दुसरा माणूस उभा करा. मला डावीकडचं दिसत नाही," ते म्हणाले. "मागच्या वर्षीचाही पाय मला दिसला नव्हता. विचारलं कुणी तर सांगा."

उंच पोर वाकली, मास्तरांच्या पाया पडली आणि खेळायला पळाली. उरलेल्या अर्ध्या मिनिटात काही झालं नाही. आमच्या मुली दोन गुणांनी हरल्या. मंडळाने आठवडाभर आम्हाला चहाला बोलावलं नाही.

घरी चालत आलो. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालले, आयुष्यात पहिल्यांदा. कोपऱ्यावर गटाराचं झाकण उघडं होतं. मी दंडाला धरलं, त्यांनी धरू दिलं.

"एवढी तार ताणलीस," ते म्हणाले. "विचारायचं होतंस."

"तुम्ही सांगायचं होतं."

"सांगणार होतो. या स्पर्धेनंतर."

"मागच्या स्पर्धेनंतर पण सांगणार होतात का?"

"हो," मास्तर म्हणाले. मग दाराशी आल्यावर, "तू तार माझ्या रेषेवर ताणलीस तेव्हाच कळलं मला. म्हटलं, बरं झालं. आता चुकलो तर कुणीतरी बघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाई सामान घेऊन आले. मी तार परत गच्चीवर ताणली. टाकीसमोर खुर्ची ठेवली, तिच्या चारी पायांभोवती फक्कीने खुणा केल्या आणि मास्तरांना बसवलं. समोर भिंतीवर खडूने एक ठिपका काढला.

"ठिपक्याकडे बघायचं. मान हलवायची नाही. गाडा डावीकडून येईल."

"साखर आहे का त्याला?"

"तांब्या आहे. बसा गप्प."

मी गाडा अगदी डाव्या टोकापासून सोडला, हळूहळू. तो पाव गच्ची ओलांडून आला. अर्धी ओलांडत आला. मला वाटलं, आता म्हणतील, आता म्हणतील. माझ्या तोंडातून निघून गेलं.

"दिसतंय का?"

"नाही."

मी बटण दाबून धरलं होतं. दस्तगीरभाईंनी टोपी काढून हातात घेतली होती.

"आता," मास्तर म्हणाले.

मी बटण सोडलं. दस्तगीरभाईंनी खिशातून लाल सुताचा तुकडा काढला आणि जिथे गाडा थांबला तिथे तारेला गाठ मारली. ठिपक्याच्या फार जवळ होती ती गाठ.

मिरजेच्या डॉक्टरांनी नंतर मोठ्या मशीनवर हेच केलं आणि छापील कागद दिला. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, म्हणाले, उरलेलं राखता येतं. रोज थेंब घालायचे. आम्ही गच्चीवरच्या दोऱ्याचं त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले, पण कुठे बांधलाय ते विचारून घेतलं.

याला नऊ वर्षं झाली. दर महिन्याच्या एक तारखेला मास्तर फक्कीच्या खुणांवर खुर्ची ठेवून बसतात. दोरा नऊ वर्षांत चार बोटं ठिपक्याकडे सरकला आहे, फक्त चार. गेल्या वर्षी एकदम दोन बोटं मागे गेला, म्हणजे नजर सुधारली. मला आनंद झाला आणि तासाभराने संशय आला. काचबिंदू असा मागे जात नसतो. हा माणूस मोटर ऐकतो आणि आवाजाच्या अंदाजाने, मला बरं वाटावं म्हणून, थोडं आधी "आता" म्हणतो.

तेव्हापासून मी मोटर लावत नाही. चपला जिन्यात काढते, बेअरिंगांना तेल देते आणि दोरी हाताने ओढते, अजिबात आवाज न करता.

"दिसतंय का?" मी विचारते.

मास्तर ठिपक्याकडे बघत बसलेले असतात. कान टवकारलेले. ऐकायला काहीच नसतं.

"थांब," म्हणतात. "अजून नाही."